कुणाकडे न्यावे? व्यसनात अडकलेल्या माणसासाठी समुपदेशक शोधताना

शास्त्रभाग : २ राजे ५:१-१९



या तिमाहीच्या पाठासाठी नामानाची गोष्ट घेतली आहे. संडे स्कूलपासून आपण ती यार्देनेतल्या सात बुड्यांसाठी लक्षात ठेवलेली असते. आज मात्र तिचा पहिला अर्धा भाग सावकाश वाचू या. त्यात आजारी माणूस बरा होत नाही, तो फक्त योग्य दारापर्यंत पोहोचण्यासाठी धडपडत राहतो. सातपुड्याच्या पाड्यांवर काम करताना मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्नही तोच आहे. पोळ्याच्या आसपास असो की होळीनंतर, कुणाची तरी बायको नाहीतर आई अंगणाच्या कोपऱ्यात थांबून हळूच विचारते, "ताई, याला कुणाकडे नेऊ?"

नामान अरामाचा सेनापती होता. त्याच्यापाशी पैसा होता, ओळखी होत्या आणि कोड होते. उपाय कुठे मिळेल हे त्याच्या घरात फक्त एकीला ठाऊक होते, आणि ती होती लढाईत धरून आणलेली लहान मुलगी, घरातली मोलकरीण. तिने स्पष्ट पत्ता दिला : शोमरोनात असलेला संदेष्टा. पण मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांची वाट धरली. अरामाच्या राजाने इस्राएलाच्या राजाला पत्र लिहिले. सोबत दहा किक्कार चांदी, सहा हजार सोन्याची नाणी आणि दहा पोशाख पाठवले. पत्र वाचून इस्राएलाच्या राजाने कपडे फाडले. त्याला वाटले, हा भांडण उकरून काढतो आहे. मुलीने संदेष्ट्याचे नाव सांगितले होते आणि पत्र गेले राजाकडे.

आपल्या मंडळ्यांमध्ये अशी पत्रे पाळकसाहेबांच्या दारी येतात. त्यात वावगे काही नाही. खेड्यात विश्वासाचे माणूस तेच असते. पुढे काय होते ते मात्र पाहायला हवे. काही पाळक त्या राजासारखे हादरतात, "हे माझ्याच गळ्यात का?" काही जण सगळे स्वतःच करायला घेतात : हात ठेवून प्रार्थना, वचन घेणे, तीन दिवसांचा उपास. अलीशासारखा निरोप पाठवणारे, म्हणजे हा माणूस नेमका कुणाकडे जायला हवा हे ओळखून त्याला तिकडे पोहोचवणारे, थोडे असतात. माझ्या मते मंडळीच्या सेवकाने शिकावे असे पहिले कौशल्य हेच आहे.

आधी शरीर

हा भाग कृपया वगळू नका. जीव वाचण्याचा प्रश्न आहे.

जो माणूस वर्षानुवर्षे रोज दारू पितो, सकाळी उठल्यावर घोट घेतल्याशिवाय ज्याचे हात स्थिर होत नाहीत, त्याने दारू एकाएकी बंद केली तर शरीर बंड करते. शेवटच्या पेल्यानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ, झोप उडणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. नसलेली माणसे दिसतात, भिंतीवर किडे फिरताना दिसतात, दिवस कोणता ते कळत नाही, ताप चढतो. इंग्रजीत त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास त्यात माणूस दगावू शकतो.

आता हेच तीन-चार दिवस आपल्या उपास-प्रार्थनेशी जोडून पाहा. दारू अचानक बंद, वर अन्नपाणी बंद, आणि माणूस कोंडलेल्या खोलीत. तो भिंतीकडे बोट दाखवून ओरडू लागला की जमलेले लोक म्हणतात, "भूत बाहेर निघत आहे." त्या वेळी त्याला दवाखान्याची गरज असते. दीर्घकाळ पिणाऱ्यांच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, फार कमी झालेले असते. ते वेळेवर मिळाले नाही तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टर सलाइनमधून साखर देण्याआधी ते देतात. थरथर आणि झटके आवरण्यासाठी ठराविक दिवसांची, हळूहळू कमी करत नेलेली औषधे असतात. ही औषधे मनाने घ्यायची नसतात आणि शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरही नाही.

प्रार्थना करू नका असे मी म्हणत नाही. पलंगाशेजारी बसून करा. एलीया झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, उठवून भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. होरेबावरचे बोलणे नंतर झाले. समुपदेशकाचे कामही असेच नंतर येते. शरीर थाऱ्यावर आलेले नसताना शहाणपणाचा एक शब्दही आत जात नाही.

कोण कोण असतात

आपल्याकडे "काउन्सिलर" हा शब्द सगळ्यांना लावतात, म्हणून थोडा खुलासा. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर असतो. औषधे तोच लिहितो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ डॉक्टर नसतो. तो चाचण्या आणि बोलण्यातून उपचार करतो, त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समाजकार्याची पदवी घेतलेले समुपदेशक कुटुंब, कर्ज, नोकरी, मुलांची शाळा हे धागे हातात घेतात. आणि चौथे, स्वतः व्यसनातून बाहेर पडून प्रशिक्षण घेतलेले लोक. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये बरे झालेले रुग्ण पुढे कार्यकर्ते झाले, हे अनेकांना माहीत असेल. पिणाऱ्याची प्रत्येक थाप ज्याने स्वतः मारलेली असते, त्याच्यापुढे थाप चालत नाही. मला विचाराल तर आमच्या भागातल्या माणसाला पहिल्या भेटीत हाच चौथा सर्वांत लवकर पटतो. अर्थात त्याच्या मागे डॉक्टर हवाच.

पाळकीय समुपदेशन वेगळे. अपराधीपणा, क्षमा, देवाने टाकून दिल्याची भावना यांच्याशी ते बोलते, आणि ते दुसरे कुणी करू शकत नाही. फक्त त्याने फिटवर उपाय करायला जाऊ नये.

शोध कुठून सुरू करायचा? गावातल्या आशाताईपासून. कोणत्या घरात काय चालले आहे हे तिला बहुधा आधीच ठाऊक असते. प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी जिल्हा रुग्णालयाकडे चिठ्ठी देतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तिथे मानसोपचाराची सोय असते. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी व्यसनमुक्ती केंद्रे आहेत. आपल्याला जवळचे कोणते, हे १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारता येते. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक सुरू आहे. त्यावर मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. आमच्याकडे अडचण क्रमांकाची नसते, रेंजची असते. म्हणून ज्या टेकडीवर टॉवर पकडतो तिथे त्या माणसाबरोबर चढून जाणे, हीदेखील सेवा समजा.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रात अनेक शहरांत मराठीतून होतात. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावी दोन पिणाऱ्यांच्या भेटीतून ही चळवळ उभी राहिली. तिथे फी नाही, हजेरीपट नाही, आडनाव विचारत नाहीत. ती कोणत्याही चर्चची नाही, तरी तिच्या पहिल्या माणसांवर ऑक्सफर्ड ग्रूप या ख्रिस्ती मंडळाचा प्रभाव होता. स्वतःची हार कबूल करणे, दुखावलेल्यांची भरपाई करणे हे त्यांच्या बारा पायऱ्यांतले विषय आपल्या कानांना ओळखीचे वाटतात ते त्यामुळेच.

मदत किती कमी जणांपर्यंत पोहोचते याचा अंदाज यावा म्हणून एक आकडा देते. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत असे दिसले की दारूच्या आहारी गेलेल्या साधारण ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता. दाखल होऊन उपचार मिळालेला माणूस १८० मध्ये एक. तुमच्या मंडळीत असे पाच जण असतील, तर बहुधा त्यांच्यापैकी एकही कुणाच्या समोर बसलेला नाही.

निवडताना

नामान अलीशाच्या दारी पोहोचला आणि चिडला. संदेष्टा बाहेर येईल, देवाचे नाव घेईल, हात हलवेल अशी त्याची कल्पना होती. आला तो नोकर, आणि निरोप काय तर गढूळ यार्देनेत जा. दिमाखाच्या ओढीने माणूस खरा उपाय सोडून जातो. आज तो दिमाख बसस्टँडच्या भिंतींवर रंगवलेला असतो : "दारू सोडवा, पिणाऱ्याला न सांगता, हमखास." यात दोन खोट्या गोष्टी आहेत. हमखास काही नसते, आणि न सांगता दिलेले औषध धोक्याचे असते. डायसल्फिराम नावाची गोळी घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. क्वचित प्राणही जातो. डॉक्टर ती रुग्णाला सगळे समजावून, त्याच्या संमतीने देतात. भाजीत मिसळून देणाऱ्या बायकोला आपण काय करत आहोत याची कल्पना नसते. ती तिची चूक नाही. विकणाऱ्याला मात्र कल्पना असते.

निवासी केंद्र निवडत असाल तर स्वतः जाऊन पाहा. डॉक्टर कधी येतात? रात्री फिट आली तर काय करता? घरच्यांना भेटू देता का, फोन करू देता का? बाहेर पडल्यावर किती महिने संपर्क ठेवता? पुन्हा प्यायला लागला तर दार बंद की उघडे? पैसे नेमके किती, पावती मिळेल का? उत्तरे देताना कुणी चिडले तर मुकाट्याने परत या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मनोविकार येतात. अशा रुग्णांना ठेवणाऱ्या संस्थेला नोंदणी लागते. माणसाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला या कायद्याने बंदी आहे. गुप्ततेचा, भेटीचा आणि फोनचा हक्क रुग्णाला आहे. ही कलमे पाळकांनी तोंडपाठ ठेवावीत असे मला वाटते. "मार खाल्ल्याशिवाय सुटत नाही" असे म्हणणारे केंद्रचालक आणि त्याला मान हलवणारे नातेवाईक, दोन्ही मी पाहिले आहेत.

अलीशाने भेट नाकारली. पैशाच्या मागे धावला तो गेहजी. योग्य फी घेण्यात गैर काही नाही, पण उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाकडून कुणी तीन महिन्यांचे पैसे आगाऊ मागत असेल तर गेहजीची आठवण ठेवा.

भाषेबद्दल फार कमी बोलले जाते. पावरी, भिली किंवा मावची बोलणारा माणूस बाजारात मराठीत व्यवहार करतो, म्हणून आपण समजतो की त्याला मराठी येते. पण लाज, भीती, मेलेल्या मुलाची आठवण या गोष्टी तो मराठीत बोलू शकत नाही. तो "हो, हो" म्हणतो आणि समुपदेशक कागदावर लिहितो, "रुग्ण सहकार्य करतो." त्याची बोली जाणणारा समुपदेशक मिळाला तर अर्धे काम झाले. नाही मिळाला तर दुभाष्या न्या. दुभाष्या म्हणून त्याच्या शाळकरी मुलीला कधीही बसवू नका. बापाच्या तोंडून निघालेले शब्द तिने दुसऱ्याला सांगायचे, हे कुणाही मुलाच्या वाट्याला येऊ नये.

चांगला समुपदेशक कसा ओळखावा? तो कमी बोलतो. "सोड" म्हणण्याआधी "दारू तुला काय देते?" असे विचारतो. सोडण्याची कारणे स्वतःच्या खिशातून काढून देत नाही, त्या माणसाच्या तोंडून यायची वाट पाहतो. धर्म बदलायला किंवा टिकवायला सांगत नाही. आपल्या संस्थेने बोलावलेल्या समुपदेशकालाही हा नियम लागू आहे.

परत आल्यावर

बरा झालेला नामान निघताना एक अडचण सांगतो. त्याचा धनी रिम्मोनाच्या देवळात जाणार, याच्या हातावर टेकणार, यालाही तिथे वाकावे लागणार. बरा झाला तरी तो जुन्याच घरी, जुन्याच नोकरीवर परतणार होता. अलीशा त्याला व्याख्यान देत नाही, शांतीने पाठवतो.

आमच्या माणसाचे रिम्मोनाचे देऊळ म्हणजे फाल्गुन-चैत्र. मोहाची फुले पडू लागतात, काठीच्या राजवाडी होळीपासून पाड्यापाड्यांवर ढोल वाजतो, मग लग्ने. दारू तिथे पाहुणचार असते, देवाचा मान असते. ती नाकारणे म्हणजे माणसाला नाकारणे. म्हणून पुढच्या भेटीच्या तारखा समुपदेशकाबरोबर ठरवताना कॅलेंडर समोर ठेवा. होळीच्या आधी एक भेट, नंतर लगेच एक. ऊसतोडीला गुजरातकडे गेला तर फोन कुणी करायचा ते आधी ठरवा. आणि तो मध्येच प्यायला, तर ते संपले असे धरू नका. व्यसन हा पुन्हा डोके वर काढणारा आजार आहे. किती दिवस नीट राहिला, काय झाले, कुठे पाय घसरला, हे घेऊन त्याच समुपदेशकाकडे परत जायचे असते. नामानाला सात वेळा पाण्यात उतरावे लागले. सहाव्या वेळी त्याच्या अंगावर काय दिसत होते, हे शास्त्र सांगत नाही.

शहरातल्या आपल्या काही दात्यांचा समज आहे की आदिवासी म्हणजे दारू. त्यांनी थोडा इतिहास पाहावा. १९२२ साली देवीच्या चळवळीत दक्षिण गुजरातेतल्या हजारो आदिवासींनी दारू सोडली. १९३० च्या दशकात सातपुड्याच्या पायथ्याशी गुला महाराजांच्या सत्संगाला भिल्ल समाज लोटला, तिथेही दारू सोडण्याचीच शिकवण होती. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनानंतर १९९३ पासून जिल्हा दारूबंदीखाली आहे. २०१६ पासून तिथे 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने मुक्तिपथ हे अभियान गावागावांत चालू आहे. सोडण्याची इच्छा या समाजाला बाहेरून आणून द्यावी लागलेली नाही. बोलणारा समुपदेशक आणि जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंतचे बसभाडे मात्र अजून कमी पडते.

मंडळीसाठी दोन गोष्टी, थोड्या कडू. पहिली, आपला प्रार्थना विषय. "अमुक भावासाठी प्रार्थना करा, दारूच्या बंधनात आहे" असा संदेश ग्रूपवर पडतो आणि संध्याकाळपर्यंत तीन गावांना कळतो. समुपदेशकाने राखलेली गुप्तता आपण प्रार्थनेच्या नावाखाली उधळतो. नाव न घेता प्रार्थना करता येते, देवाला नाव माहीत आहे. दुसरी, साक्ष. सहा आठवडे न प्यायलेल्या माणसाला संमेलनाच्या मंचावर उभे करू नका. टाळ्या पडतात, फोटो निघतो, आणि पुढच्या महिन्यात तो घसरला की लाजेने मंडळीत पाऊल टाकत नाही. वर्षभर थांबा. तोवर त्याला खुर्च्या लावायचे, सतरंज्या झटकायचे काम द्या. प्रभुभोजनात द्राक्षरस असतो की द्राक्षारस, हेही त्याला आधी खाजगीत सांगा.

आणि बायका. पुष्कळदा नवरा यायला तयारच नसतो. म्हणून बायकोनेही थांबायचे असे नाही. तिने एकटीने समुपदेशकाकडे जावे. १९५१ साली सुरू झालेली अल-अॅनॉन ही संघटना पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठीच आहे. घरात मारहाण होत असेल तर आधी तिची आणि मुलांची सुरक्षितता : महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८. "सहन कर, प्रार्थना कर, तो बदलेल" हा सल्ला कृपया कुणीही देऊ नये. स्वतः पिणाऱ्या स्त्रियाही आपल्या पाड्यांवर आहेत. त्यांच्यासाठी खाटा कमी आहेत आणि निंदा दुप्पट आहे. त्यांना स्त्री समुपदेशक मिळेल का, हे फोनवरच विचारून घ्या, म्हणजे फेरी फुकट जाणार नाही.

पहिल्या भेटीला जाताना एका कागदावर एवढे लिहून न्या : किती वर्षांपासून पितो, रोज साधारण किती, सकाळी लागते का, आधी सोडली तेव्हा फिट किंवा भ्रम झाला होता का, दुसरे आजार आणि चालू औषधे कोणती, शेवटचे कधी प्यायला. आधार कार्ड, जुने केसपेपर आणि परतीचे भाडे घ्या. बरोबर एकच माणूस असू द्या, ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे असा. पाच जणांच्या घेऱ्यात नेलेला माणूस दवाखान्याला कचेरी समजतो.

गटात चर्चेसाठी :

नामानाच्या घरातल्या मुलीचे ऐकले गेले. आपल्या मंडळीत कुणाचे म्हणणे ऐकले जात नाही, ज्यांना खरे तर घरातली परिस्थिती ठाऊक आहे?

वचन ४ ते ७ पुन्हा वाचा. मदत मागणारा आपल्याकडे चुकून आला आहे हे ओळखूनही आपण त्याला का धरून ठेवतो?

आपल्या तालुक्यातील मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते? पुढच्या सभेपर्यंत दोघांनी प्रत्यक्ष जाऊन विचारून यावे, आणि वार व वेळ मंडळीच्या फळ्यावर लिहावी, रविवारच्या उपासनेच्या वेळेच्या खाली.